गावकीचा हिशेब पै-पैचा आणि ग्रामसभेचा 'सर्वानुमते मंजूर' : गावात राहणाऱ्या तरुणांनी नेमके काय करावे?

सड्यावरची (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका लहान गावात राहते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर बरोबरच्या बहुतेक मुली मुंबई-पुण्याला गेल्या. मी घरीच राहून काही व्यापाऱ्यांच्या हिशेबाची कामे करते, त्यामुळे आकड्यांची सवय आहे आणि न जुळणारी बेरीज दिसली की स्वस्थ बसवत नाही. माझा प्रश्न त्या सवयीतूनच आला आहे.

आमच्या गावात सार्वजनिक पैशाचे दोन हिशेब चालतात. पहिला गावकीचा, म्हणजे देवाचा आणि सणांचा कारभार परंपरेने पाहणाऱ्या गावाच्या सभेचा. शिमग्याच्या आधी सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर, सभा होते, घरटी एक माणूस येतो, सबळ कारण न देता न येणाऱ्याला दंड बसतो आणि तेलवातीपासून ढोल मढवण्यापर्यंतचा प्रत्येक खर्च मोठ्याने वाचला जातो. पन्नास रुपयांचा मेळ लागला नाही तर रात्री उशिरापर्यंत मंडळी उठत नाहीत. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा हिशेब वेगळा येतो आणि त्याचीही तशीच चिरफाड होते. दुसरा हिशेब ग्रामपंचायतीचा. तेथील रक्कम गावकीच्या कित्येक पट असते. मात्र ग्रामसभेच्या दिवशी शाळेच्या खोलीत सदस्य, ग्रामसेवक, शिपाई आणि ज्यांचे एखादे काम अडले आहे असे थोडे लोक सोडले तर कोणी नसते. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब होते, पुढे तीच माणसे पुन्हा बसतात आणि सगळे विषय 'सर्वानुमते मंजूर' म्हणून लिहिले जातात.

यात माझी अडचण अशी की जिथे हिशेब नीट वाचला जातो त्या सहाणेवरच्या सभेत बाईमाणूस म्हणून मला बसता येत नाही, आणि जिथे कायद्याने मला बसता येते तिथे वाचण्याची पद्धतच उरलेली नाही.

याचा परिणाम कशावर होतो तेही सांगते. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिल संपेपर्यंत वाडीतल्या विहिरी तळ गाठतात. नळपाणी योजनेची नवी टाकी बांधून झाली, दारोदार नळ बसले, आणि शिमग्यापर्यंत पाणी येतेही. त्यानंतर ज्या विहिरीवरून पाणी उचलायचे तीच आटते. ग्रामसभेत मी विचारले की या विहिरीला मे महिन्यात किती पाणी असते हे योजना करताना कोणी पाहिले होते का. त्यावर "हा विषय विषयपत्रिकेत नाही" असे उत्तर मिळाले आणि घरी आल्यावर "तुला राजकारणात पडायची काय गरज होती?" असे ऐकावे लागले. विचारणारे रागावून बोलत नव्हते, त्यांना खरोखरच काळजी वाटत होती. गावात भांडण धरून राहता येत नाही. ज्यांना प्रश्न विचारायचा त्यांच्याच घरी पुढच्या आठवड्यात लग्नाला जायचे असते.

म्हणून जाणकारांना विचारते. हिशेब मागणे हे राजकारण आहे का? कायद्याने मला नेमके काय मागता येते? आणि मतदार यादीतली जवळजवळ निम्मी नावे मुंबईत राहणाऱ्यांची असताना गणपूर्ती कधी होणार? राजकीय पक्षात न जाता, गावाशी वैर न धरता यातून काही वाट निघते का, हे प्रामुख्याने समजून घ्यायचे आहे.

खाडीपट्टा

तुझे वय माझ्या लेकीएवढे दिसते, म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस. मी गुहागर तालुक्यात ग्रामपंचायत सदस्य होते. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव झाल्या, त्यातल्याच एका जागेवर मला उभे केले. 'उभे केले' हेच बरोबर, कारण पहिले वर्षभर माझ्या नावापुढे सही मी करत असे आणि चर्चा माझ्या दिरांशी होत असे. हे बदलायला कोणतेही भाषण उपयोगी पडले नाही, उपयोगी पडली ती महिलांची ग्रामसभा.

पुष्कळ जणींना हे माहीतच नसते की प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातील महिलांची स्वतंत्र सभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक गावांत ती कागदावरच होते. अंगणवाडीत आलेल्या आयांच्या सह्या घेतल्या की सभा झाली. आम्ही प्रथम एवढेच मागितले की ही सभा सकाळी अकराला न ठेवता दुपारी तीननंतर ठेवावी. सकाळी घरचे आवरून काजूच्या कामाला किंवा शेतावर गेलेली बाई अकराला कशी येणार? वेळ बदलल्यावर जी गर्दी झाली ती पाहून ग्रामसेवकही चकित झाले. पाण्याचा हिशेब पुरुषांपेक्षा आम्हांला जास्त ठाऊक असतो. कोणत्या वाडीची विहीर कधी आटते, टँकर आल्यावर कोणाच्या दारात आधी थांबतो, नळाला किती वेळ पाणी येते, हे सगळे तिथे तारखेनिशी निघाले. महिलांच्या सभेत झालेले ठराव मुख्य ग्रामसभेपुढे मांडायला लावायचे, म्हणजे 'विषयपत्रिकेत नाही' असे कोणाला म्हणता येत नाही.

एका गोष्टीत मात्र मला तुझ्याशी सहमत होता येत नाही. गावकीच्या शिस्तीचे तू जे कौतुक केले आहेस ते अर्धेच खरे आहे. हजेरी पूर्ण असते कारण दंडाची भीती असते, आणि ती भीती दंडाच्या रकमेची नसते, वाळीत पडण्याची असते. आपल्या कोकणात, विशेषतः रायगडात, वाळीत टाकण्याची इतकी प्रकरणे पुढे आली की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जिथे मानपान ठरलेला असतो, कोणी कुठे बसायचे हे ठरलेले असते आणि बायकांनी यायचेच नसते, तिथला हिशेब चोख असला तरी तो सगळ्या गावाचा नसतो. ग्रामसभा कितीही ओस पडलेली असली तरी तिथे तुझी खुर्ची आणि मानकऱ्याची खुर्ची एकाच उंचीची असते.

आणि एकटी जाऊ नकोस. एकटीने विचारले की 'ती फार बोलते' असे होते. चौघी-पाचजणी शेजारी बसलेल्या असल्या, त्यांनी तोंड उघडले नाही तरी, तोच प्रश्न वाडीचा होतो.

डोंबिवलीकर चाकरमानी

मतदार यादीतली मुंबईकरांची नावे हा विषय निघालाच आहे तर आमची बाजूही कोणी ऐकावी. माझे गाव लांजा तालुक्यात आहे, नोकरी आणि घर डोंबिवलीत. शाळेचे छप्पर उडाले तेव्हा पत्रे मंडळाने पाठवले, देवळाचा जीर्णोद्धार मंडळाने केला, वाडीत रस्ता येईपर्यंत आजारी माणसाला डोलीतून न्यायला लागायचे तेव्हा त्या रस्त्यासाठी मंत्रालयात खेटे आम्हीच घातले. असे असताना २०२० च्या टाळेबंदीत याच गावाने आम्हांला वेशीवर थांबवले. भीतीपोटी ते झाले हे मी समजतो, पण त्या वेळी अनेकांच्या मनात पक्के बसले की गावातले नाव एकदा गेले की आपण कायमचे उपरे होणार. यादीतले नाव काढायला कोणी तयार होत नाही त्यामागे मताची हाव नसून ही धास्ती आहे. शिवाय कित्येकांना वाटते की मतदार यादीतून नाव गेले तर सातबाऱ्यावरच्या हक्कालाही बाधा येईल.

माझी सूचना साधी आहे. ग्रामसभा गणपतीत किंवा मे महिन्यात ठेवा. आम्ही येऊ, गणपूर्ती होईल, आणि हिशेब विचारायला आमच्यातले बँकेत आणि विमा कंपनीत आयुष्य घालवलेले लोक पुढे असतील. मुंबईकर म्हणजे फक्त नाचायला येणारा माणूस, असे समजू नये.

जुना कारकून

मी पंचायत समितीच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो. वर जे लिहिले गेले त्यातील काही गोष्टी कायद्याच्या भाषेत स्पष्ट केल्या तर चर्चेला उपयोग होईल असे वाटते.

प्रथम गणपूर्ती. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी गावातील एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. समजा गावाची यादी ६०० नावांची आहे, तर ९० माणसे हवीत. यातले निम्मे मतदार मुंबईत राहत असतील, तर प्रत्यक्ष गावात असलेल्या ३०० पैकी ९०, म्हणजे दर दहांमागे तीन माणसे शाळेत यायला हवीत. आजारी, म्हातारे, दुकान उघडे ठेवणारे वजा करा, आणि गणपूर्ती का होत नाही हे आपोआप कळेल. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे सभा तहकूब होणे हे काही मंडळींना गैरसोयीचे न वाटता सोयीचे वाटते. मी नोकरीत असताना 'पहिली सभा तहकूब' हे वाक्य इतिवृत्ताच्या वहीत जणू छापून आल्यासारखे पाहिले आहे.

आता चाकरमानी मंडळींच्या शंकेविषयी. मतदार यादीचा आणि सातबाऱ्याचा कोणताही संबंध नाही. जमिनीचा हक्क अधिकार अभिलेखावरून ठरतो, मत देण्याचा हक्क सामान्य रहिवासावरून. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते, आणि त्या यादीला लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मध्ये दोन गोष्टी स्वच्छ लिहिलेल्या आहेत. एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असता कामा नये, आणि केवळ एखाद्या ठिकाणी राहते घर मालकीचे आहे म्हणून माणूस तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही. उलट काही काळ बाहेर गेला एवढ्यावरून त्याचा रहिवास संपतही नाही. म्हणजे शिक्षणासाठी किंवा हंगामी कामासाठी गेलेल्याला कोणी काढू शकत नाही. पण वीस-पंचवीस वर्षे डोंबिवलीत कुटुंबासह राहणाऱ्याने मत तिथेच द्यावे, हा कायद्याचा सरळ अर्थ आहे. कटू वाटेल, पण डोंबिवलीतील नालेसफाईविषयी ज्याला बोलायचे आहे त्याचे मत तिथेच असले पाहिजे.

एक आकडा मात्र मूळ प्रश्न विचारणाऱ्या मुलीने लक्षात ठेवावा. २००१ ते २०११ या दशकात देशाची लोकसंख्या वाढली, तरी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची घटली. आणि २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. गावात प्रत्यक्ष राहणाऱ्यांत बहुमत स्त्रियांचे आहे. त्या सभेला आल्या तर गणपूर्ती गणपतीपर्यंत थांबत नाही.

पुढचा मुद्दा, काय मागता येते. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या त्यांच्या रूढ तारखा. सबळ कारणाशिवाय सभा न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो, म्हणून सभा कागदावर तरी होतेच. या चारांपैकी आर्थिक वर्षातील पहिली सभा सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तिच्याकडेच कोणाचे लक्ष नसते. अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे त्या सभेपुढे गेल्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षाचा विकासाचा कार्यक्रम, तसेच शेवटच्या लेखापरीक्षणातील शेरे आणि त्यांना दिलेली उत्तरे ठेवावी लागतात. लेखापरीक्षणाचे शेरे वाचून दाखवा, एवढे एक वाक्य उभे राहून म्हटले की बरीचशी चर्चा आपसूक योग्य जागी येते. त्यात भांडण नाही, कारण शेरे तुम्ही लिहिलेले नसतात, शासनाच्या लेखापरीक्षकाने लिहिलेले असतात.

पैसा कुठून येतो तेही समजून घ्या. पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ या काळातील निधी दोन भागांत यायचा. ६० टक्के बंधित, तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच वापरायचा, आणि ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के हिस्सा थेट ग्रामपंचायतीकडे जाण्याचे ठरले होते, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्यात निम्मा-निम्मा. म्हणजे पाण्यासाठी पैसाच नव्हता, असे या काळापुरते तरी सहसा म्हणता येत नाही. गावाचा आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या शासकीय संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो, त्यासाठी अर्ज करावा लागत नाही. तिथे जे कळत नाही त्यासाठी माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस.

सड्यावरची

सर्वांचे मनापासून आभार. खाडीपट्टा ताई, महिलांच्या सभेची नोंद आमच्याही वहीत असणार. ती केव्हा झाली हे मात्र आमच्या वाडीतल्या एकाही बाईला सांगता येत नाही. गावकीविषयी तुम्ही लिहिलेले मान्य आहे. मला तिथली माणसे हवी आहेत असे नाही, वाचून दाखवण्याची ती सवय हवी आहे. तीच माणसे दोन्हीकडे असतात, मग देवाच्या पैशाला एक नियम आणि सरकारच्या पैशाला दुसरा का? मला वाटते गावकीचा पैसा खिशातून गेलेला असतो, म्हणून त्याची आठवण राहते. ग्रामपंचायतीचा पैसा 'वरून' येतो असे सगळे मानतात; साबणावर आणि पेट्रोलवर भरलेला करही आपल्याच खिशातून गेला होता हे कोणाच्या मनात येत नाही.

कारकून काका, संकेतस्थळ उघडून पाहिले. आमच्या गावाचा खर्च दिसतो, पण कामाचे नाव 'पाणीपुरवठा दुरुस्ती' एवढेच. कोणत्या वाडीत, कोणती दुरुस्ती, ते काही नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला मात्र हात धजत नाही. आमच्याकडे असा अर्ज म्हणजे उघड वैराची नोटीस समजतात.

विहिरीवाला

मी विहिरी आणि बोअरची कामे करतो, ग्रामसभेचे मला विशेष कळत नाही, परंतु तुमच्या विहिरीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळी पठारांवर, वरचा थर जांभ्याचा, म्हणजे तांबड्या दगडाचा आहे. तो सच्छिद्र, त्यामुळे पावसाचे पाणी भराभर पितो. त्याच्या खाली चिकट मातीचा थर असतो, त्यातून पाणी सहजासहजी खाली उतरत नाही, आणि त्याखाली काळा कातळ. मग जांभ्याने प्यायलेले पाणी त्या मातीवरून आडवे सरकते आणि सड्याच्या कडेला, उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. डोंगर समुद्रापासून जवळ, उतार तीव्र, नद्या लांबीला कमी. जे बाहेर पडले ते थोड्या वेळात खाडीला मिळते. म्हणून तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जमिनीत साठा कमी राहतो. नोव्हेंबरात अशा झऱ्यावरची विहीर काठोकाठ दिसते आणि तिच्यावर कोणतीही योजना 'व्यवहार्य' ठरते. तीच विहीर एप्रिलअखेरीस पाहिली तर वेगळेच चित्र असते. योजनेसाठी जिथून पाणी उचलायचे त्या विहिरीला योजनेच्या कागदात 'उद्भव' म्हणतात. उद्भवाची क्षमता कोणत्या महिन्यात मोजली, हा तुम्ही विचारलेला प्रश्न शंभर टक्के बरोबर होता, आणि त्याला तांत्रिक उत्तरच मिळायला हवे होते.

हिशेबाची आवड आहे तर हा एक करा. जलजीवन मिशनमध्ये दरडोई रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. वस्ती ६०० ची असेल तर रोज ३३ हजार लिटर लागले. तुमच्या विहिरीत मे महिन्यात उपसा केल्यानंतर एका रात्रीत पाणी किती हात चढते ते मोजा, व्यासावरून लिटर काढा. ही मोजणी वाडीतली चार पोरे दोरी आणि टेप घेऊन करू शकतात, कोणाची परवानगी लागत नाही. तुमचा आकडा ३३ हजारांच्या कितीतरी खाली आला, तर टाकी नवी, नळ नवे आणि पाणी नाही, याचे कारण सगळ्यांना एका ओळीत समजेल.

उपायही आहेत. दिवाळीनंतर पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, मातीने भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घातले तर खालच्या विहिरीला काही आठवडे जास्त पाणी राहते, हे मी पाहिले आहे. मात्र झऱ्याच्या वरच्या अंगाला सड्यावर जांभा काढून खाणी पाडल्या, किंवा तिथली झाडी साफ केली, तर बंधारा घालून फारसे हाती लागत नाही. त्यामुळे सड्यावर कोणत्या कामाला ना-हरकत दिली जाते हेही ग्रामसभेत ऐकत जा. पाण्याचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

महाडकर मास्तर

'हिशेब मागणे हे राजकारण आहे का' या पहिल्या प्रश्नाला अजून कोणी सरळ उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो. होय, ते राजकारण आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. निवडणूक लढवणे हा त्याचा एक लहानसा भाग झाला. सार्वजनिक पाणी कोणाला, किती आणि कोणाच्या निर्णयाने मिळावे, हा प्रश्न आमच्या महाडइतका स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच विचारला गेला असेल.

तिथल्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहातील एक तपशील आपल्या चर्चेशी थेट जोडलेला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करावेत हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. म्हणजे कागदावर तळे खुले होते. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत जाईपर्यंत तिथे कोणी पाणी प्यायले नव्हते. आणि प्यायल्यावर काय झाले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. 'सर्वानुमते मंजूर' या शेऱ्याची किंमत किती असते, हे मी वर्गात मुलांना यावरूनच समजावून देत असे. ठरावाची वही आणि पाणवठा यांच्यामध्ये जे अंतर असते ते कोणीतरी चालून जावे लागते, आणि चालणाऱ्याला त्रास होतो. तुमच्या घरच्यांना वाटणारी काळजी खोटी नाही.

चाकरमान्यांच्या सूचनेबद्दलही एक मत नोंदवतो. सभा गणपतीत घेतली तर गर्दी होईल, पण ती गर्दी चतुर्थीपूर्वी तीन दिवस आलेली आणि विसर्जनानंतर गाडीत बसणारी असेल. सप्टेंबरमध्ये विहीर भरलेली असते. एप्रिलमध्ये रिकामी घागर घेऊन उभी राहणारी व्यक्ती वेगळी असते. पैसे पाठवणाऱ्यांचा सल्ला जरूर घ्यावा, निर्णय मात्र तिथे उन्हाळा काढणाऱ्यांचा असावा.

डोंबिवलीकर चाकरमानी

मास्तर, शेवटचे वाक्य टोचले, परंतु खोटे म्हणता येत नाही. सातबाऱ्याविषयीचा खुलासा आमच्या मंडळाच्या सभेत वाचून दाखवतो. नाव कुठे ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. विहिरीवाल्यांनी सांगितलेल्या मोजणीसाठी मे महिन्यात सुट्टीवर येणारी आमची मुले मोकळीच असतात. गावोगाव अशी मोजणी झाली तर मंडळाने पुढच्या वर्षीची वर्गणी देवळाच्या रंगाऐवजी बंधाऱ्याच्या पोत्यांना द्यावी असा प्रस्ताव मी मांडणार आहे. मंजूर होईलच असे नाही. रंगाला नाव लागते, पोत्यावर नाव लिहिता येत नाही.

सड्यावरची

मास्तरांच्या उत्तराने एक गाठ सुटली. 'हे राजकारण नाही' असे घरी पटवून देण्यात मी उगाच शक्ती घालवत होते.

पुढे काय करायचे ते असे ठरवते आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा दुपारी ठेवावी असा अर्ज वाडीतल्या आम्ही काही जणी मिळून देणार आहोत; आई सही करायला तयार झाली आहे, सभेला येईल की नाही हे तिने अजून सांगितलेले नाही. त्या अर्जातच दोन विषय मागणार आहोत: कलम ८ प्रमाणे लेखापरीक्षणाच्या शेऱ्यांचे वाचन, आणि नळपाणी योजनेच्या उद्भवाच्या क्षमतेची माहिती. माहितीच्या अधिकाराचा अर्ज आत्ताच नको असे वाटते. सभेत उत्तर मिळाले नाही तर मग पाहू. विहिरीची मोजणी एप्रिलअखेरीस करायची असे चौघांशी बोलणे झाले आहे, त्यांतला एक जण सरपंचांचा पुतण्या आहे आणि तोच सर्वांत उत्साही आहे.

कारकून काका, अर्जाचा मजकूर असा चालेल का? "गेल्या पाच वर्षांत झालेल्या सर्व कामांची संपूर्ण माहिती ग्रामसभेपुढे ठेवण्यात यावी."

जुना कारकून

हे वाक्य काढून टाका. 'सर्व' आणि 'संपूर्ण' हे शब्द पाहिले की कार्यालयात अर्ज बाजूला ठेवायला निमित्त मिळते. योजनेचे नाव, वर्ष आणि विहिरीचे ठिकाण लिहा, आणि "सदर उद्भवाच्या पाण्याच्या क्षमतेची चाचणी कोणत्या दिनांकास घेण्यात आली व तिचा निष्कर्ष काय होता, याची माहिती ग्रामसभेपुढे ठेवण्यात यावी" एवढेच मागा. तारीख विचारली की तारीखच द्यावी लागते. सभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघते, तेव्हा अर्ज त्याच्याही बराच आधी, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत द्या. दोन प्रती करा, दुसरीवर आवक क्रमांक, दिनांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. शिपाई "साहेब आल्यावर देतो" म्हणाला तर साहेब येईपर्यंत बसा. सभेत हजेरीच्या वहीवर सही करण्याआधी तिच्या वर सभेचा दिनांक आणि विषय लिहिलेले आहेत ना ते पाहा. कोऱ्या पानावर कोणीही सही करू नये, हे बरोबर येणाऱ्या बायकांनाही आधीच सांगून ठेवा.